बिब्ब्याचा डाग

आमच्या चाळीत कुणाकडे कार्य निघालं की लाडू वळायला पहिलं बोलावणं रत्नप्रभाला जायचं. पाक हाताला चटका देण्याइतका गरम असतानाच लाडू वळावे लागतात, नाहीतर मग ते नुसते फुटत बसतात. बाकीच्या बायका हाताला पाणी लावत, फुंकरा घालत एक वळेपर्यंत हिचे चार ताटात पडलेले असायचे. वर तोंड चालूच. "काकू, हा लाडू आहे की दगड? नवऱ्यामुलाचे दात पाडायचेत का?" असं ती नवऱ्यामुलाच्या आईलाच विचारायची. आणि तिचं कुणाला लागायचं नाही, कारण ती नसती तर लाडू वळून झालेच नसते.

अंधेरीला पूर्वेकडे, गुंदवलीच्या वाटेवर आमची चाळ. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मरोळच्या अंगाला अजून भातशेती होती, आणि शेताच्या कडेकडेने एकेका कारखान्याची पत्र्याची शेड उभी राहत होती. मी म्युनिसिपल शाळेत शिकवत असे, म्हणून सगळी चाळ मला 'बाई' म्हणायची. शेजारच्या खोलीत रत्नप्रभा आणि तिची आई, माणिककाकी. माणसं मूळची कुडाळकडची, आडनाव चेंदवणकर. वडील परळच्या गिरणीत होते, ते छातीच्या दुखण्याने लवकर गेले. तेव्हा रत्नप्रभा जेमतेम सोळा वर्षांची. तिने शाळा सोडली आणि मरोळच्या बाजूला गोळ्यांचा एक कारखाना होता तिथे कामाला लागली.

गोळ्या म्हणजे पेपरमिंटच्या, लिमलेटच्या, आपण मुलांच्या हातावर ठेवतो त्या. यंत्रातून त्या उघड्या बाहेर पडायच्या. त्यांना चकचकीत कागदात गुंडाळायचं काम बायकांचं. लांबलचक टेबलाच्या दोन्ही अंगांना बायका बसायच्या. डाव्या हाताने कागद घ्यायचा, त्यावर गोळी ठेवायची, कागद लपेटायचा आणि दोन्ही टोकांना एकदम पीळ मारायचा, एक हात आत आणि एक हात बाहेर. या कामाला 'पीळ मारणं' असंच नाव होतं. जितके ट्रे भरतील तितकी मजुरी. त्यामुळे गप्पा मारताना, खोकताना, शिंकतानासुद्धा बायकांची बोटं थांबायची नाहीत. रत्नप्रभा त्या टेबलाची राणी. नव्या मुलींना मुकादम तिच्याशेजारी बसवायचा आणि म्हणायचा, "हिचे हात बघा, तोंडाकडे लक्ष देऊ नका."

दहाएक वर्षं हे चाललं. मग तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली.

आता कळ काय, कष्ट करणाऱ्या माणसाला येतच असते. पहिल्यांदा कळ आली ती कधी, हे तिलाही सांगता येत नव्हतं. पुढे कोर्टात याच एका गोष्टीवर तिला छळ छळ छळलं. कुठल्या दिवशी सुरू झालं? किती वाजता? कशाने? दुखणं म्हणजे काय पाहुणा आहे, की दार ठोठावून आलो म्हणून सांगेल! आधी संध्याकाळी दुखायचं आणि सकाळी बरं वाटायचं. मग सकाळीही दुखायला लागलं. मग मनगटाशी सूज आली आणि अंगठा हलवला की आत करकर वाजायचं. तिने एकदा माझा हात तिथे धरून ठेवला आणि अंगठा वाकवला. माझ्या बोटांना ती करकर लागली आणि मी हात काढून घेतला.

टेबलावर हे कुणी बोलत नसे. हात दुखतो असं जी म्हणेल तिला मुकादम झाडूच्या कामावर घालायचा, आणि झाडूची मजुरी निम्मी. म्हणून बायका मनगटाला फडकं घट्ट आवळायच्या, आणि ते दिसू नये म्हणून वरून बांगड्या ओढून घ्यायच्या. भरलेल्या बांगड्यांचे हात म्हणजे सौभाग्याचं लक्षण, असं आपण म्हणतो. त्या टेबलावर निम्म्या बांगड्या फडकी झाकायला होत्या.

माणिककाकीने आंबेहळदीचा लेप घातला. मिठाच्या पुरचुंडीने शेकलं. मरोळच्या गावठाणातली कुणी म्हातारी शीर उतरवते म्हणून तिच्याकडे नेऊन आणलं. घरचं सगळं काम आपल्याकडे घेतलं. भाकरी थापणं, धुणं, नळावरचं पाणी, काही म्हणता काही मुलीला करू देईना. "ते हात कारखान्याक व्हये. घरात माझे हात आसत," म्हणायची. बुटकी, काळीसावळी, तोंडात सदा मशेरी, आणि रीतीला मोठी पक्की. चाळीतल्या कुणा पोराने डाव्या हाताने काही पुढे केलं तर ही फटकाच द्यायची. "डाव्या हातान दितत काय रे? आवशीन शिकवल्यान नाय?"

काहीच लागू पडेना तेव्हा तिने बिब्बा काढला.

बिब्बा ज्याच्या अंगावर कधी उतलाय त्यालाच बिब्बा म्हणजे काय ते ठाऊक. काळी, चपटी बी. सुईला टोचून दिव्यावर धरली की तिच्यातून तेल सुटतं. ते तेल दुखऱ्या जागेवर टेकवायचं. जिथे टेकेल तिथे कातडी भाजते, फोड येतात, आजूबाजूला सूज चढते, खाज सुटते, आणि बरं झाल्यावर काळा डाग राहतो तो कित्येक महिने जात नाही. याला 'बिब्बा उतणं' म्हणतात. माणिककाकीच्या मुलखात त्याचा हिशेब सरळ होता: आतलं दुखणं मोठं असेल तर बिब्बा जोरात उततो आणि दुखणं बाहेर काढतो. उतला नाही तर समजायचं, दुखणं नव्हतंच, पोरगी ढोंग करत होती. तिच्या स्वतःच्या पाठीवर, गुडघ्यांवर असे डाग होते आणि ती ते मला कौतुकाने दाखवायची. मी तिला म्हटलं, "काकी, हे जंगली आहे, डॉक्टरला दाखवू." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेत शिकवत असले तरी जगात मला काही शिकवण्यात अर्थ नाही.

बिब्बा उतला. भयंकर उतला. रत्नप्रभाचा हात कोपरापर्यंत सुजला, मनगटावर फोड आले, आणि आठवडाभर तिला कामावर जाता आलं नाही. गंमत अशी, की त्या आठवड्यात हाताला विसावा मिळाला आणि अंगठ्याची कळ खरंच कमी झाली. माणिककाकीचा ऊर भरून आला. "बघल्यात मां, बाई? भायर पडला!" फोड सुकले, रत्नप्रभा कामावर गेली, पीळ मारायला बसली, आणि चार दिवसांत कळ होती तिथे हजर. पण आता आणखी वाईट. आता चिमटीत कागद धरला तरी कळ खांद्यापर्यंत जायची. एके दिवशी भरलेला ट्रे उचलताना तिचा हात गळालाच. गोळ्या सगळ्या शेडभर. मुकादमाने त्याच संध्याकाळी सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

कारखान्याच्या युनियनचं काम विन्सेंट पाहायचा. मरोळ गावठाणातलाच, घरची थोडी शेती, आणि कारखान्यात फिटर. उंच, हाडकुळा, रविवारी पांढराशुभ्र शर्ट घालून चर्चला जाणारा आणि सोमवारी मॅनेजरशी भांडणारा. तो आमच्या चाळीत आला, जिन्यावरच बसला आणि म्हणाला, "रत्ना, केस करू. कामगार भरपाईचा कायदा हाय. कामावर हात गेला तर कंपनीनं द्यायला पायजे." मी अर्ज लिहून द्यायला बसले. तिथेच पहिली ठेच लागली. कायदा म्हणत होता, अपघात झाला पाहिजे.

"अपघात कुठे झाला?" मी म्हटलं.

विन्सेंटने इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "साखरेची पेटी पडली हातावर, असं लिवा ना बाई. दोन साक्षीदार मी उभे करतो. यार, त्यांना अपघात पायजे ना, आपण देऊ."

रत्नप्रभा उंबऱ्यात उभी होती. दुखरा हात दुसऱ्या हाताने पोटाशी धरायची तिला सवय लागली होती. ती म्हणाली, "नाही. पेटी नाही पडली."

"अगं, पण मिळेल काय तुला मग?"

"विन्सेंट, पेटी पडली असं लिहिलं तर माझा हात पेटीनं गेला असं होईल. माझा हात पीळ मारून गेलाय. मुकादम सगळीकडे सांगत सुटलाय, चेंदवणकरीण कामचुकार आहे, ढोंग करते. चकाल्याच्या कारखान्यात विचारायला गेले तर तिथपर्यंत हे पोचलंय. भरपाई मिळाली तर मला हवीच आहे, नाहीतर आम्हाला खोली सोडून गावी जावं लागेल, आणि गावी आमचं कोण बसलंय? पण माझा हात कामानं गेला, एवढं कुणातरी साहेबानं एकदा म्हणायला पाहिजे."

विन्सेंट वैतागला. "वाट लागेल तुझी," म्हणाला. पण त्याने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "लिवा, ती म्हणते तसं." तशी ती केस उभी राहिली: सतत एकाच प्रकारच्या कामाने हात निकामी झाला. त्या काळी असल्या दुखण्याला आपल्याकडे धड नावही नव्हतं. हाड मोडतं, बोट तुटतं, डोळा फुटतो, हे सगळ्यांना कळत होतं. नुसतं काम करून करून हात जातो, हे त्या टेबलावरच्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं आणि कुठल्याच कागदाला ठाऊक नव्हतं.

कंपनीने आपल्या डॉक्टरकडून तपासणी करून घेतली. मी तिच्यासोबत गेले होते. त्याने हाताचा एक्स-रे फोटो काढायला लावला. हाडं शाबूत. "कुठे दुखतं?" म्हणाला. तिने दाखवलं. त्याने अंगठा दाबला तशी ती ओरडली. त्याने ओठ मुडपले, जणू तिने कागद फाडला होता. मग त्याची नजर मनगटावरच्या काळ्या डागावर गेली आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला.

"हे काय?"

"बिब्बा घातला होता," रत्नप्रभा म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. डॉक्टरने मान हलवली आणि लिहू लागला. आमच्या दुखण्याबद्दल तो दोन ओळी लिहील असं मला वाटलं होतं. त्या डागाबद्दल त्याने पानभर लिहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं!

आम्हीही एक डॉक्टर आणला. पार्ल्यात त्यांचा दवाखाना होता, वयस्क, कनवाळू माणूस. त्यांनी हात नीट तपासला आणि आम्हाला म्हणाले, "ही शिरेची सूज आहे, फार वापराने येते." पण कोर्टात उभं राहिल्यावर कंपनीच्या वकिलाने त्यांना एकच विचारलं, "डॉक्टर, हा जास्त वापर कारखान्यातच झाला, घरी झाला नाही, असं तुम्ही शपथेवर सांगाल? बायका भाकऱ्या थापतात, कपडे पिळतात, पाट्यावर वाटतात." आमचे डॉक्टर सज्जन. सज्जन माणसाचं कोर्टात काही खरं नसतं. ते म्हणाले, "शपथेवर कसं सांगू?"

म्हणून माणिककाकीची साक्ष ठरली. घरचं काम मुलगी करत नव्हती, मी करत होते, एवढंच तिने येऊन सांगायचं. आदल्या दिवशी विन्सेंटने तिला पढवलं. "काकी, घरचं काम मी करते, येवढंच सांगायचं. दुसरं कायपण इचारलं तर म्हणायचं, माहीत नाय. काय म्हणायचं?"

"म्हायत नाय," काकी म्हणाली. पण तिला ते पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं. मुलीच्या दुखण्यातलं आईला माहीत नाही, ही कसली साक्ष?

कामगार भरपाईचे दावे ऐकणाऱ्या कमिशनरांचं कोर्ट म्हणजे फार मोठं काही नव्हतं. एक उंच टेबल, वर पंखा, भिंतीला बाकं. युनियनच्या वकिलाला त्या दिवशी दुसरीकडे मोठी केस होती, म्हणून विन्सेंटच आमच्या बाजूने उभा राहिला. पलीकडे कारखान्याचा मॅनेजर आणि त्यांचा वकील बसले होते. एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा. माणिककाकी नवीन लुगडं नेसून आली होती. देवळात जाताना करते तसा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. तिने कमिशनरांना वाकून नमस्कार केला.

विन्सेंटने विचारलं तेव्हा ती छान बोलली. "सगळा मीच करतंय, साहेब. भाकरी मी, धुणा मी, पाणी मी. चेडवाक मी फडक्याक हात लावूक दिलंय नाय." कमिशनरांनी लिहून घेतलं. मला वाटलं, जिंकलो.

मग कंपनीचा वकील उठला. गोरा, मऊ बोलणारा माणूस. "आई," म्हणाला, "मुलीचा हात दुखायला लागल्यावर तुम्हाला फार त्रास झाला असेल ना?"

तिला आई म्हणून हाक मारली आणि तिचा धीर सुटला. तिथून पुढे तिने विन्सेंटकडे पाहिलंच नाही.

"झालो तर! जीव तळमळलो."

"दुखत असतानाही ती कामावर जात होती?"

"जाय मां. रोज जाय."

"मग तुम्ही काहीतरी उपाय केला असेल. आई कशी गप्प बसेल?"

विन्सेंट खाकरला. मी माझ्या जागेवरून तिच्याकडे डोळे वटारून पाहत होते. पण तिच्या अब्रूचा प्रश्न होता. मुलगी दुखण्याने तळमळतेय आणि आईने काही केलं नाही, असं ती भरल्या सभेत कशी म्हणणार? तिने आंबेहळद सांगितली, मीठ सांगितलं, मरोळची म्हातारी सांगितली. आणि मग मोठ्या अभिमानाने म्हणाली, "शेवटाक बिब्बो घातलंय."

"उतला?" वकिलाने विचारलं. त्याला तो शब्द ठाऊक होता. त्याचीही आजी कोकणातली असेल.

"उतलो म्हणजे? असो उतलो, असो उतलो, साहेब, काय सांगू! खांद्याक हात लावूक दिय नाय. हे येवढे फोड!" तिने आपली मूठ दाखवली. "आठ दिस पोरीक घास उचलूक येय नाय. मी भरवलंय."

"म्हणजे बिब्ब्याआधी ती कामावर जात होती, आणि बिब्ब्यानंतर तिला घाससुद्धा उचलता येईना?"

"होय तर!" ती म्हणाली. मग तिला वाटलं असावं, की या शहरातल्या लोकांना अजून नीट कळलेलं नाही. ती कमिशनरांकडे वळली आणि हात जोडून म्हणाली, "साहेब, दुखणा खोटा असता तर बिब्बो असो उतलो असतो? दुखणा नसता तर खयची आवस पोटच्या चेडवाक बिब्बो लावीत?"

वकील म्हणाला, "मला आणखी काही विचारायचं नाही." आणि खाली बसला. मॅनेजर हसला नाही, पण त्याने तपकिरीची डबी काढली. सुंठीवाचून खोकला गेला होता.

मी रत्नप्रभाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. ती आईकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. पाटावर बसलेल्या लहान मुलाने सगळं दूध सांडावं आणि वर टाळ्या पिटाव्यात, तेव्हा त्याच्याकडे पाहतो तसं ती आईकडे पाहत होती.

माणिककाकी साक्षीच्या जागेवरून उतरली ती खुशीतच. बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हणाली, "किती बरो माणूस तो! आई म्हणून हाक मारल्यान. विन्सेंट, तू उगाच भियत होतस." विन्सेंटचं तोंड उघडलं. तो काय बोलणार होता ते मला ठाऊक होतं, आणि त्याचं चुकत नव्हतं. पण रत्नप्रभाने डाव्या हाताने त्याचा दंड धरला, इतका घट्ट की त्याच्या शर्टाला सुरकुत्या पडल्या. "आये, तू मस्त बोललीस," ती म्हणाली.

निकाल लागायला आणखी काही महिने गेले. कमिशनर वाईट माणूस नव्हते. निकालात त्यांनी मुलीबद्दल सहानुभूतीचं एक वाक्यही घातलं होतं. पण अपघात असा काही झालेला नाही, आणि हात निकामी व्हायला घरी केलेला दाहक उपचार हे कारण सकृद्दर्शनी पुरेसं आहे. अर्ज फेटाळला. रत्नप्रभाने मला ते वाक्य मराठीत दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "बाई, आयेला सांगायचं, साहेबाला अपघात पाहिजे होता. तेवढंच. बिब्ब्याचं नाव कुणी काढायचं नाही."

मी सगळ्या चाळीला तसं बजावलं. विन्सेंटने शपथ घेतली. आणि आमच्या चाळीसारख्या चाळीने, जिथे एका खोलीत शिंक आली तर दुसऱ्या खोलीतून 'सत्य' म्हणतात, ते पाळलंसुद्धा. माणिककाकी कधीतरी म्हणायची, "त्या साहेबाक पेटी पडलेली व्हयी होती, पेटी! माझ्या चेडवाच्या डोक्यार पेटी पडाक व्हयी होती काय?" आणि आम्ही माना डोलवायचो.

त्या वर्षी चाळीत दोन लग्नं झाली. लाडू वळायला रत्नप्रभाला कुणी बोलावलं नाही, कारण बोलावून तिला कसं वाटेल हे कुणालाच ठरवता आलं नाही. तिला वेणी घालता येत नव्हती, ती काकी घालून द्यायची. तिची जीभ मात्र थंड पडली. पूर्वी जिन्यावरून कुणी चढलं तरी ती काहीतरी टोमणा मारायची. आता दारात कोण आलं ते बघायलाही उठत नसे. मला ते हातापेक्षा जास्त लागलं.

त्याच सुमारास कारखान्याने नवीन शक्कल काढली. टेबलं कमी केली आणि गुंडाळायचं काम कंत्राटदारामार्फत घरोघर द्यायला सुरुवात केली. घरी काम करणारी बाई म्हणजे कामगारच नाही, मग तिच्या हाताचं काही झालं तरी कारखान्याला काय त्याचं! कंत्राटदाराचा माणूस पत्र्याचे डबे आणि कागदाची बंडलं घेऊन आमच्या चाळीतही आला. माणिककाकीने डबा घेतला. रत्नप्रभा संतापली, रडली, जेवली नाही. काकी म्हणाली, "मग खावचा काय? गावाक जावचा काय?" मुलगी डाव्या हाताने कागद सुटे करून द्यायची आणि आई पीळ मारायची. रत्नप्रभानेच शिकवलं तिला, एक हात आत, एक हात बाहेर. त्या खोलीत सदा पेपरमिंटचा वास असायचा. मला अजून तो वास सोसत नाही.

असं वर्षभर चाललं असेल. एका रविवारी मी सकाळी त्यांच्याकडे गेले. विन्सेंटने त्याच्या शेतावरची वांगी पाठवली होती, ती निम्मी द्यायला. काकीने बस म्हटलं, स्टोव्हवर चहा ठेवला, कपात ओतला आणि कप माझ्यापुढे धरला.

डाव्या हाताने.

मी कप घेतला नाही. रत्नप्रभाचंही लक्ष गेलं. ती उठली, आईजवळ गेली आणि पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. काकी सोडवून घ्यायला लागली, पण मुलीने धरून ठेवला. विधवेच्या हातात बांगड्या नव्हत्या, झाकायला पदरच होता. मनगटाला फडकं आवळलेलं होतं. ते सोडलं तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी सूज दिसली, आणि रत्नप्रभाने तिथे बोट ठेवून आईचा अंगठा हळूच वाकवला. करकर मला ऐकू आली नाही. पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"कधीपासून, आये?"

"कोण जाणा कधीपासून," माणिककाकी म्हणाली. "दुखणा काय सांगान येता?"

रत्नप्रभा बराच वेळ तो हात धरून बसली. आंबेहळद संपली होती. मीठ, शेक, सगळं त्या खोलीत आधीच करून झालेलं होतं, आणि कशाचा काही उपयोग नसतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी आईचा हात आहे, काहीतरी करायला नको? ती फडताळापाशी गेली आणि मोहरीच्या डब्यामागे चाचपू लागली. बिब्ब्याची पुरचुंडी कायम तिथे असायची.

"आये, बिब्बे कुठायत? लावते मी."

"टाकलंय मी ते," काकी म्हणाली. "कवाच टाकलंय. कोर्टासून घराक इल्यार."

रत्नप्रभाचा हात डब्यावरच थांबला. माणिककाकीने फडकं उचललं आणि दातांत एक टोक धरून मनगटाला परत आवळलं. वरून पदर ओढून घेतला. मग आमच्यापैकी कुणाकडेच न बघता गोळ्यांचा डबा पुढे ओढला आणि एक गोळी कागदावर ठेवली.

"नको गो, बाय," ती म्हणाली. "उद्या माका कोर्टात हात दाखवूक सांगल्यानी तर? हातार डाग नको."